फ्रिजमधला हिवाळा

मिस्त्रींना जन्मात दोन गोष्टी खपल्या नाहीत. एक साप, दुसरं फ्रिजचं ढिलं दार. आणि नशीब बघा कसं, पोटची एकुलती एक लेक नेमकी सापांच्याच मागे लागली. शाळेत असताना म्हणे आवड, कॉलेजात म्हणे अभ्यास, आणि पुढे तर सर्पालयात नोकरीच. मिस्त्रींनी डोकं आपटून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी हात टेकले आणि दोन अटी घातल्या. हातपाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, आणि जेवताना सापाचा विषय काढायचा नाही. लेकीने पहिली अट इमानेइतबारे पाळली. दुसरी कोण पाळतं!

घराखालीच मिस्त्रींचं दुकान. भिंतीला टेकवून ठेवलेली दारं, कोपऱ्यात तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, आणि त्या जोडताना डाग दिल्याचा तो जळका वास, जो त्यांच्या शर्टातून कधी गेलाच नाही. फ्रिजच्या कुशीला कान लावून आतलं दुखणं ओळखायचे. पण खरा जीव दारावर. काम झालं की कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सरकली, की रबर पुन्हा बसवायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, चालतंय की!" मिस्त्री म्हणायचे, "तुमचं चालतं. माझं नाही चालत." मिस्त्रींनी बसवलेलं दार म्हणजे बोट ठेवायला जागा नाही, असं सगळे म्हणत, आणि ते ऐकून मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसत.

हिवाळा तोंडावर आला होता. सकाळी चहा घेताना लेक म्हणाली, "बाबा, एक छोटा फ्रिज लागेल. मला म्हणजे... सापांना."

मिस्त्रींना असा ठसका लागला की बायकोला पाठीवर थापा माराव्या लागल्या.

"सापांना फ्रिज? का, त्यांना सरबत प्यायचंय?"

"झोपायचंय," लेक म्हणाली.

आणि मग काय, तिने विषय काढला तो काढलाच. डोंगरावरचा साप. बोटाएवढा जाड, मातकट रंग, पाठीवरून एक फिकी रेघ. विष नावाला नाही, खायला किडे नि पाली. सगळ्या जगात तो एकाच डोंगरावर सापडतो, तोही वरच्या उघड्या अंगावर, जिथे झाडं संपतात आणि नुसते दगड उरतात. शेजारच्या डोंगरावर नाही. मधे खोल दरी आहे आणि दरीत ऊन आहे. या सापाला ते ऊन म्हणजे समुद्रच, ओलांडता येत नाही. फार पूर्वी सगळीकडेच थंडी होती तेव्हा हे खालीही असायचे. थंडी हळूहळू वर सरकली, तिच्या मागोमाग हेही वर गेले, आणि वर जाऊन अडकले.

"आणि वर्षातला अर्धा वेळ दगडाखाली झोपतात," लेक म्हणाली. "वर बर्फाची दुलई. पण बाबा, हल्ली दुलईच राहत नाही. मधेच उबदार वारा सुटतो, यांना वाटतं उन्हाळा आला. जागे होतात, बाहेर येतात, खायला काही नाही. साठवलेली चरबी जळून जाते आणि बिचारे जातात. आम्ही गेल्या खेपेला अख्खा डोंगर पालथा घातला. तीन मिळाले. दोन माद्या, एक नर."

"मग ठेवा की सर्पालयात. आमच्या डोक्यावर कशाला?"

लेकीने कप खाली ठेवला. गेल्या हिवाळ्यात सर्पालयातल्या फ्रिजमध्येच निजवले होते, पण सुट्टीत मशीन बंद पडलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि तिघंही भर थंडीत जागे झाले. कसेबसे जगले. पण पुरती झोप झाल्याशिवाय मादीच्या पोटात अंडी धरत नाहीत, म्हणून पिल्लं झालीच नाहीत. यंदाही झाली नाहीत तर मोठे साहेब तिघांना डोंगरावर परत सोडणार होते. पिंजऱ्यात म्हातारे करण्यात काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. आणि डोंगरावर सोडायचं म्हणजे काय, ते लेकीने सांगितलं नाही. तिचा चेहराच सांगत होता.

"मशीनवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवील असा एकच माणूस मला माहीत आहे," ती म्हणाली.

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? साप फ्रिजमध्ये असणार, तुमच्या अंथरुणात नाही."

झालं. मिस्त्री विरघळले. वरून म्हणाले मात्र, "माझा संबंध मशीनशी. आत काय आहे ते मला सांगायचंसुद्धा नाही."

कमरेएवढा जुना फ्रिज त्यांनी माळ्यावरून काढला. असल्या कामाला जुनंच मशीन बरं, नवी दिसायला गोंडस आणि स्वभावाने नाजूक. थंडी कमीजास्त करणारं बटण बदलून चांगलं नेमकं बसवलं. आत पाण्याच्या बाटल्या खच्चून भरल्या, म्हणजे वीज गेली तरी गारवा टिकावा. तापमापकाची तार मागच्या नळीच्या भोकातून बाहेर काढली आणि भोक लांबीच्या लगद्याने बुजवलं. आणि दाराला नवंकोरं रबर. पट्टी लावून ओढली. पट्टी फाटली, सरकली नाही. आयुष्यातलं सगळ्यात चोख दार बसलं होतं.

लेक तीन डबे घेऊन आली. डब्यांना भोकं पाडलेली, आत डोंगरावरूनच आणलेला कुजका, ओला पालापाचोळा, आणि त्यात पाहुणे. मिस्त्री दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. बायको मात्र वाकून वाकून बघत होती. मोठ्या मादीला तिने थोरली म्हटलं, लहानीला धाकटी, आणि नराला घरजावई.

"तू तर अजून आणला नाहीस," ती लेकीला म्हणाली, "हा तरी आला."

"आई!"

थोरली वरच्या फळीवर, धाकटी मधल्या, जावईबापू सगळ्यात खाली. लेकीने दार लावलं. दोन सूचना दिल्या. रोज आकडा बघायचा, आणि उगाच दार उघडायचं नाही. मग ती डोंगरावर गेली, बर्फ कुठे किती टिकतं ते मोजायला. वर फोन लागत नाही.

मिस्त्रींचा हिवाळा त्या फ्रिजसमोर गेला. सकाळी दुकान उघडलं की आधी आकडा. तो जागचा हलत नव्हता. आठवडे गेले तशी त्यांची भीड चेपली. हातातलं काम करता करता फ्रिजशी बोलू लागले. "काय जावईबापू, झोप लागतेय ना? बाहेर आज फार बोचरा वारा आहे, उठू नका." बायको जिन्यावरून ऐकायची आणि तोंडाला पदर लावायची.

एका दुपारी भंगारवाला यायचा होता. मागच्या अंगणात एक मोडीत निघालेला फ्रिज पडला होता, आणि मिस्त्री त्याच्या दाराचे स्क्रू काढत बसले होते. हा त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला नियम. फ्रिज टाकायचा तर दार आधी वेगळं करायचं, मगच टाकायचा. का? तर पोरं लपाछपी खेळतात. एखादं आत शिरतं, दार लागतं, आतून उघडत नाही, आणि आतली हवा संपते. जन्मभर मिस्त्रींनी हा नियम मोडला नव्हता.

शेवटचा स्क्रू निघाला. दार हातात आलं. आणि मिस्त्री तसेच थांबले.

आतली हवा संपते.

दार तिथेच पडलं, पायावर पडता पडता राहिलं. "अगं!" ते ओरडले. "अगं, लवकर ये! मी मारलं त्यांना!"

बायको जिना उतरून येईपर्यंत ते फ्रिजपाशी पोचले होते. पण दाराला हात लावायची हिंमत होईना. बायकोला कसंबसं सांगितलं. डब्यांना भोकं आहेत, पण फ्रिजला एक नाही. सर्पालयातले फ्रिज सगळे खिळखिळे असणार, दारातून वारा आत-बाहेर करत असणार, म्हणून पोरीला कधी हवेचा विचारच करावा लागला नाही. आणि मी रबर बसवलं. मी! पट्टी फाटेल असं!

"मग उघडा की आधी!" बायको म्हणाली.

त्यांनी उघडलं. आतून कुबट, जड वास आला. वरचा डबा बायकोने काढून टेबलावर ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. झाकणं निघाली. पाल्यात तीन वेटोळी, निश्चल.

जिवंत आहेत की नाहीत, हे कळायचं कसं? थंडीतला साप श्वास घेतो तोही दिसत नाही. आणि तेव्हा मिस्त्रींना आठवलं. जेवताना लेक बडबडत होती आणि ते कानावर हात ठेवून बसले होते, तरी ऐकू आलंच होतं: झोपलेल्या सापाला अलगद उताणा करायचा. जीव असेल तर तो सावकाश वळतो, पोटावर येतो. नसेल तर नाही.

"तू कर," ते म्हणाले.

"मला भीती नाही वाटत," बायको म्हणाली, "पण मी करणार नाही. रबर तुम्ही बसवलंय."

बरोबरच होतं तिचं. मिस्त्रींनी शर्टाला हात पुसले. अंगावर सरसरून काटा आला होता. आणि त्या माणसाने, ज्याने जन्मात कधी सापाच्या चित्रावरसुद्धा बोट ठेवलं नव्हतं, थोरलीला उचललं. गार लागली, आणि मऊ. त्यांना वाटलं होतं बुळबुळीत असेल. तशी ती अजिबात नव्हती. तिला उताणी ठेवली. वाट पाहिली. आधी मान वळली, मग हळूहळू, अगदी आळसावल्यासारखी, ती सगळी वळली. मिस्त्रींच्या तोंडून हुंदका निघाला. धाकटीही वळली, थोरलीपेक्षा उशिरा, पण वळली.

घरजावई वळला नाही.

मिस्त्रींनी त्याला सरळ केलं, पुन्हा उताणा केला. थांबले. ओंजळीत धरला. "वळ की रे," ते म्हणाले. "अरे, एकदा वळ." बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तरी ते थांबेनात. शेवटी तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि डब्यात ठेवला. मिस्त्री खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले.

मग उठले. सुरी घेतली, आणि आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात चोख दाराचं रबर चारी कोपऱ्यांत कापलं. माद्यांचे डबे आत ठेवले, दार लावलं, पट्टी धरून ओढली. सुळकन निघाली. त्या दिवसापासून ते रोज दोन्ही वेळा दार उघडून वर्तमानपत्राने आत वारा घालायचे.

लेक परत आली ती नाक सोललेली, ओठ फुटलेले, पण खुशीत. हातपाय धुऊन घरात शिरली. मिस्त्रींनी तिला बसूही दिलं नाही. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून तिच्या मोज्यांकडे बघत राहिले.

लेकीने त्यांचे हात हातात घेऊन पाहिले. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही हाताने उताणे केलेत? तुम्ही?"

"मग काय चिमट्याने करू?"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं. सापांपेक्षा तो कुजका पालाच जास्त हवा खातो. आणि खराब हवा जड, ती खाली बसते, म्हणून खालच्यावर बेतलं."

"दार माझं होतं."

"साप माझे होते!"

"अरे वा," बायको आतून म्हणाली, "आता चूक कोणाची यावरून भांडा दोघं. जेवण कोण करणार, मी आणि थोरली?"

मोठे साहेब वाईट नव्हते, पण त्यांचं गणित सरळ होतं. नर नाही म्हणजे पिल्लं नाहीत. ऊन तापायला लागलं की दोघी डोंगरावर. लेक त्यांना म्हणाली, हिवाळ्याआधी तिघं एकाच पेटीत होते, जोडी जमली असेल, काही जातींत मादी नराचं बीज झोपेतसुद्धा जपून ठेवते. "या जातीत ठेवते का?" साहेबांनी विचारलं. "माहीत नाही," लेक खरं तेच बोलली. "कोणालाच माहीत नाही. त्यांच्याबद्दल माहीत होण्याआधीच ते संपत आलेत."

त्या दिवशी मिस्त्री पहिल्यांदा सर्पालयात गेले. दोन्ही बाजूंच्या काचांकडे न बघता, नाकासमोर चालत, थेट साहेबांच्या खोलीत. "साहेब," ते म्हणाले, "चूक माझ्या हातून झाली. तिची मेहनत मातीत घालू नका. एवढा उन्हाळा थांबा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हा उन्हाळा," ते म्हणाले. "पुढे मात्र मला काही सांगायला येऊ नका."

तेव्हापासून मिस्त्रींनी दुकानाची वेळच बदलली. सकाळचं काम आटोपलं की लेकीचा जेवणाचा डबा घेऊन निघायचे. "सापांच्या उबेच्या दिव्याची वायर जरा बघून येतो," असं बायकोला सांगायचे. वायरला काही झालेलं नव्हतं. काचेसमोर स्टूल टाकून बसायचे. धाकटी दगडाखाली. थोरली मात्र दिव्याखालच्या सपाट दगडावर चपटी होऊन पडलेली. दिवा सरकवला की तीही सरकायची. तिने खाणं सोडलं, तेव्हा मिस्त्रींनी लेकीला हाक मारली.

"आजारी आहे का गं?"

"असेल," लेक म्हणाली. "किंवा नसेल. बाबा, डोंगरावर अंडी बाहेर घातली तर थंडीने गोठतील. म्हणून ही जात अंडी पोटातच ठेवते, स्वतः उन्हात पडून उबवते, आणि जिवंत पिल्लांना जन्म देते. आईच चूल नि आईच घर. खात नाही, कारण पोटात जागा नसते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आजारी सापही असाच पडून राहतो."

उन्हाळा उतरणीला लागला. साहेब काचेपाशी येऊन जायचे. लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. बापलेकीचा जीव असा टांगणीला लागलेला.

आणि मग एका सकाळी फोन आला. "बाबा, आईला घ्या आणि असाल तसे या."

मिस्त्री असतील तसे गेले, म्हणजे बनियनवर आणि घरातल्या चपलांत. बायको मागून शर्ट घेऊन धावत होती. काचेसमोर लेक उभी होती, साहेब उभे होते.

थोरली दगडावर होती, एकदम बारीक झालेली. आणि तिच्याभोवती पाल्यात पिल्लं वळवळत होती. बुटाच्या नाडीएवढी. प्रत्येकाच्या पाठीवर ती फिकी रेघ, जणू आत्ताच कोणी ओढली. काही जन्मतानाच्या पातळ पिशवीतून बाहेर येऊन आईच्या अंगाखाली शिरायला बघत होती. एक मात्र कडेला होतं. पिशवी फाटलेली, पण ते उताणं, निश्चल.

मिस्त्रींना दुसरं काही दिसेना. त्यांनी काचेवर तळवा टेकवला.

"वळ की रे," ते पुटपुटले. "वळ."

लेकीने त्यांचा दुसरा हात घट्ट धरला. साहेबसुद्धा वाकून बघू लागले. पिल्लाचं डोकं हललं. थांबलं. पुन्हा हललं. आणि मान फिरली, मागोमाग सगळी नाडी फिरली, आणि ते पोटावर आलं.

"वळलं!" मिस्त्री ओरडले. सर्पालयात मोठ्याने बोलायचं नसतं, पण आज त्यांना कोण अडवणार! "अगं, वळलं गं, वळलं!"

"जावयाने नाव राखलं," बायको म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

लेक डोळे पुसत म्हणाली, "बाबा, यंदा मोठा फ्रिज लागेल."

"आणतो. रबर मी बसवीन," मिस्त्री म्हणाले, "भोकं तू पाड." मग बायकोने पुढे केलेला शर्ट हातातच ठेवून, काचेवरचा तळवा न काढता, ते धाकटीकडे बघत राहिले. कारण काल संध्याकाळपासून तीही थोरलीसारखीच दिव्याखाली चपटी होऊन पडली होती.